पार्श्वभूमी : नादारी, फ्रीशिप आणि सूट मिळालेली शाळा

जुन्या शाळांमध्ये 'नादारी' (गरिबीमुळे मिळणारी फीमाफी) हा शब्द रोजच्या बोलण्यातला होता. पूर्ण नादारी, अर्धी नादारी. आता अर्जावर 'फी कन्सेशन' किंवा 'फ्रीशिप' असतं. मिशन, कॉन्व्हेंट, अंजुमन अशा धार्मिक संस्थांच्या शाळांत माफ झालेली फी कुणी भरायची, हा प्रश्न मात्र दीडशे वर्षांहून जुना आहे. १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्यानं मिशन शाळांना सरकारी अनुदानाचं दार उघडलं, पण कितीही थोडी का होईना, फी घेतलीच पाहिजे अशी अट घातली. केरळच्या १९५७ च्या शिक्षण विधेयकात प्राथमिक वर्गांची फी बंद करायची तरतूद होती. अल्पसंख्याकांच्या शाळा त्याच फीवर चालतात, ती बुडाली तर शाळाच बुडेल, असं १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मानलं.

मग गरीब मुलाचं कसं भागायचं? कॉन्व्हेंटमध्ये उत्तर पगारपत्रकात दडलेलं असायचं. शिकवणाऱ्या सिस्टर आपला पगार स्वतःकडे ठेवत नसत, तो त्यांच्या संघाकडे (संन्यासिनींच्या संस्थेकडे) जाई आणि त्यातून माफ केलेल्या फीची तूट भरून निघे. पण अनुदानित शाळांतल्या अशा पगारांवर प्राप्तिकर कापायचाच, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल नोव्हेंबर २०२४ मध्ये लागला. शिवाय आता बहुतेक शिक्षक संसारी आहेत, त्यांना पूर्ण पगार द्यावाच लागतो.

मुस्लिम संस्थांचा आधार जकातीचा. रमजानमधलं पावतीपुस्तक पाहिलंत तर जकात (सक्तीचं वार्षिक दान), सदका (ऐच्छिक दान), लिल्लाह (कोणत्याही सत्कार्यासाठीचं दान) असे वेगळे रकाने दिसतील. हे रकाने महत्त्वाचे आहेत. जकात गरजू माणसाच्या मालकीची झाली पाहिजे, असा हनफी फिकहचा, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या हनफी परंपरेचा, दंडक आहे. ती इमारतीला लावता येत नाही, शिक्षकांच्या पगारालाही नाही. म्हणून शाळा आधी फी आकारते, मुलाच्या नावानं जकात येते आणि त्यातून ती फी भरली जाते. वर्गाच्या छपराला पैसे हवे असतील तर ते लिल्लाहच्या रकान्यातूनच.

गेल्या काही वर्षांतला सगळा वाद मात्र २०१४ च्या एका निकालाभोवती फिरतो. शिक्षणहक्क कायद्यानं खासगी विनाअनुदानित शाळांना पहिलीच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांना द्यायला सांगितलं. आठवीपर्यंत फी नाही, भरपाई सरकारची. (महाराष्ट्रात ती मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये ठरली आणि तीही वेळेवर मिळत नाही, ही संस्थाचालकांची तक्रार खरी आहे.) २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना यातून वगळलं. ६ मे २०१४ ला त्याच न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठानं अनुदानितही वगळल्या, आणि केवळ २५ टक्क्यांतून नाही, तर अख्ख्या कायद्यातून. बाहेरची मुलं सक्तीनं घ्यावी लागली तर शाळेचं अल्पसंख्याक स्वरूप बदलेल, असं त्यामागचं कारण होतं.

ते कारण मला आजही पटत नाही. २०२१ च्या एका केंद्रीय अहवालानुसार अल्पसंख्याक शाळांतली ६२.५ टक्के मुलं अल्पसंख्याक समाजांबाहेरची आहेत, ख्रिस्ती शाळांत तर ७४ टक्के. म्हणजे बाहेरची मुलं आहेतच, फी भरणारी आहेत. त्याच अहवालात सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित मुलांचं प्रमाण आहे ८.७६ टक्के. संस्थेचं स्वातंत्र्य जपायलाच हवं, त्यासाठीच राज्यघटनेत अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क देणारं कलम ३० आहे. पण त्या निकालानं नादारी पूर्णपणे संस्थेच्या मर्जीवर सोडली. किती मुलांची फी माफ केली, कोणत्या निधीतून केली, हे पालकांना सांगण्याचं बंधनही त्या कायद्याखाली त्यांच्यावर नाही. आपणहून चांगलं काम करणाऱ्या शाळा आहेत, भरपूर आहेत. त्यांचं काम दिसत नाही, याचंही वाईट वाटतं.

२०२२ मध्ये आणखी एक दोर तुटला. अल्पसंख्याक मुलांची दहावीपर्यंतची केंद्रीय शिष्यवृत्ती फक्त नववी-दहावीपुरती ठेवली गेली. कारण दिलं गेलं की पहिली ते आठवीचं शिक्षण शिक्षणहक्क कायद्यानं मोफतच आहे. पण अल्पसंख्याक शाळा त्याच कायद्याच्या बाहेर! चौथीतल्या मुलाला महिना १०० रुपये मिळायचे, वर्षातले दहा महिने. रक्कम लहान, पण वह्या आणि रिक्षाचं थोडंफार भागायचं.

१ सप्टेंबर २०२५ ला दोन न्यायाधीशांच्या पीठानं २०१४ च्या निकालाबद्दल शंका व्यक्त करून प्रकरण मोठ्या पीठाकडे न्यावं असं सुचवलं. त्यात एक मुद्दा असाही आहे की, ही २५ टक्के मुलं त्याच समाजातल्या गरीब घरांतली घेता आली नसती का? हा प्रश्न २०१४ मध्येच विचारायला हवा होता. त्याचं उत्तर येईपर्यंत जूनमध्ये उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्डाची झेरॉक्स घेऊन शाळेच्या ऑफिसबाहेर उभ्या राहिलेल्या आईकडे आधार म्हणून दाखवायला शिक्षणहक्क कायद्याचं एकही कलम नाही. फादरचं किंवा मशिदीच्या जमातीचं पत्र तेवढं असतं.