एकरांवरून ठरलेल्या तारखा: रोमन तळांच्या पुरातत्त्वाची पार्श्वभूमी

परमुलखात मुक्काम पडला की रोमन फौज राहुट्या ठोकण्याआधी खंदक खणायची, हे इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहे. अडचण तिथून पुढे सुरू होते. दोन-चार रात्रींसाठी खणलेला आणि निघताना बऱ्याचदा बुजवून टाकलेला तो खंदक नेमका कोणत्या मोहिमेचा, हे ठरवायचं कशावरून? स्कॉटलंडमध्ये गेल्या शतकाच्या उत्तरार्धात याचं उत्तर तळाच्या क्षेत्रफळात शोधलं गेलं. त्या उत्तरावर मोहिमांचे नकाशे उभे राहिले आणि आज तेच उत्तर डळमळलं आहे.

आधी शब्दाचा घोळ निस्तरायला हवा. 'छावणी' म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे पुणे किंवा देवळालीची कायमची लष्करी वस्ती येते, म्हणून इथे 'तळ' म्हटलं आहे. लॅटिनमध्ये दगडी ठाणं आणि एका रात्रीचा मुक्काम या दोन्हींना 'कास्त्रा'च म्हणत. इंग्रजीतल्या 'मार्चिंग कॅम्प'ने गुंता आणखी वाढवला. वाटचालीतला तळ, वेढ्याचा तळ, सीमेवरची भिंत बांधणाऱ्या तुकड्यांचा तळ आणि निव्वळ सरावासाठी खणलेला चौकोन, असं सगळं त्या एका नावाखाली आलं. सरावाचे चौकोन वेल्समध्ये लॅन्ड्रिंडॉडच्या माळावर ढिगाने आहेत. ते अगदी लहान असतात. सरळ बाजू कुणीही खणेल, कस लागतो तो गोलाई दिलेल्या कोपऱ्यांवर आणि दरवाजांवर, म्हणून तिथे बाजू आखूड ठेवून कोपरे आणि दरवाजे घोटवले आहेत. अशा चौकोनाला मोहिमेचा तळ समजून नकाशावर ठिपका दिला की फौजेची वाटच चुकते.

हे तळ नकाशावर आणण्याचं काम अठराव्या शतकाच्या मध्यात ब्रिटिश लष्करी मोजणीदारांनी सुरू केलं. त्यांनी मोजलेल्या काही धुसांवरून, म्हणजे खंदकालगतच्या मातीच्या बांधांवरून, पुढे नांगर फिरला, त्यामुळे त्यांचे नकाशे आजही मोलाचे आहेत. फ्रान्समध्ये 1861 ते 1865 दरम्यान सीझरने घातलेल्या अलेसियाच्या वेढ्याचे खंदक उकरले गेले. खरी भर पडली ती 1945 नंतर, विमानांमुळे. बुजलेल्या खंदकातला गाळ भोवतालच्या मुरमापेक्षा ओल जास्त धरतो, त्यामुळे कोरड्या उन्हाळ्यात त्यावरचं सातू चार दिवस अधिक हिरवं राहतं. पिवळ्या पडलेल्या शेतात सरळ हिरवी रेघ आणि गोल वळलेला कोपरा दिसला की तळ सापडला. 1976 आणि 2018 ही अशीच कोरडी वर्षं. आज ब्रिटनमध्ये सुमारे 500 तळ माहीत आहेत.

वरून दिसतो तो आकार. तारीख दिसत नाही. म्हणून तळांचे क्षेत्रफळानुसार गट पाडले: 63 एकर, 110 एकर, 130 एकर, 165 एकर. एका मापाचे तळ ओळीने दिसले की ती एकाच फौजेची वाट, असा तर्क होता. पर्थशरमधल्या आर्डॉखला दोन तळ एकमेकांना छेदतात. तिथे चर मारल्यावर 130 एकरांचा तळ 63 एकरांच्या तळानंतरचा ठरला. कोणता आधी, कोणता नंतर, एवढंच तो छेद सांगतो. दोघांत एक वर्षाचं अंतर की साठ वर्षांचं, हे त्यातून कळत नाही. तरीही हे दोन्ही गट सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या इ.स. 208 ते 211 च्या मोहिमांच्या खात्यावर टाकले गेले.

मुळात क्षेत्रफळ हे वाटतं तितकं पक्कं माप नाही. 700 बाय 600 मीटरच्या तळाचा परीघ 2,600 मीटर. एकाने खंदकाच्या मध्यापासून मोजलं आणि दुसऱ्याने पाच मीटर आत, धुसाच्या कडेपासून, तर सुमारे 1.3 हेक्टरचा, म्हणजे तीन एकरांहून जास्त फरक पडतो. एखादा कोपरा गावठाणाखाली गेला असेल तर तो अंदाजानेच काढावा लागतो. त्यातून सैन्यसंख्या काढणं तर आणखी निसरडं. तळाच्या आखणीवरचा एक रोमन ग्रंथ आठ जणांना दहा फुटी राहुटी देतो, धुस आणि राहुट्यांमध्ये 60 फूट मोकळे सोडतो आणि 2,320 बाय 1,620 रोमन फुटांत, म्हणजे सुमारे 33 हेक्टरांत, चाळीस हजारांच्या आसपास माणसं बसवतो. इ.स.पू. दुसऱ्या शतकातला एक ग्रीक इतिहासकार मात्र हेच अंतर 200 फूट सांगतो. पहिला हिशेब 110 एकरांच्या, म्हणजे 44 हेक्टरांच्या तळाला लावला तर पन्नास हजारांवर फौज निघते, आणि उत्तर स्कॉटलंडमध्ये एवढी फौज नेल्याचं कुणालाच पटत नाही.

या वादाला वळण दिलं अ‍ॅबर्डीनशरमधल्या किंटोरने. तोवर पद्धत अशी, की खंदकाला एक-दोन चर मारायचे, व्ही आकाराचा छेद रेखाटायचा आणि परतायचं. आत काही उरलेलं नसतं, असं गृहीतच होतं. किंटोरला घरबांधणी येणार होती, म्हणून 2000 नंतरच्या वर्षांत तळाच्या आतली मोठी जागा वरच्या मातीचा थर काढून उघडी केली गेली, आणि पाव भाजण्याच्या सुमारे 180 भट्ट्या निघाल्या. अशी भट्टी वरून पाहिली तर इंग्रजी 8 च्या आकड्यासारखी दिसते. एका बाजूला भाजून लाल झालेला खड्डा, दुसऱ्या बाजूला राख आणि निखारे ओढून काढण्याची जागा. वरचं छत गेलेलं असतं, तळाशी कोळसा उरतो.

त्या कोळशाच्या रेडिओकार्बन पद्धतीने काढलेल्या तारखा बऱ्याच अंशी पहिल्या शतकाच्या अखेरीकडे झुकल्या, तर काही नंतरच्या वापराकडे. आधीची मांडणी वेगळी होती. यिथन वेल्सला किंटोरच्याच 110 एकरांच्या गटातला मोठा तळ लहान तळाला छेदतो, तो लहान तळ दरवाजाच्या घडणीवरून पहिल्या शतकातला मानला जातो. म्हणून मोठा तळ तिसऱ्या शतकात ढकलणं सोयीचं झालं होतं. किंटोरने ती सोय काढून घेतली.

तरी कोळशावरही डोळे मिटून विसंबता येत नाही. ओकच्या ओंडक्याचा गाभा जळला असेल तर तारीख त्या गाभ्याच्या वाढीची मिळते, पाव भाजला त्या दिवसाची नव्हे. फरक शंभर वर्षांचाही पडू शकतो. म्हणून नमुना घ्यायचा तो काटकीचा, हेझलच्या कवचाचा किंवा जळक्या धान्याचा. तेवढं पाळूनही एकटा नमुना बहुधा शे-दीडशे वर्षांचा पट्टा देतो, आणि स्कॉटलंडमधल्या तिन्ही मोठ्या रोमन मोहिमा (पहिल्या शतकाच्या अखेरची, दुसऱ्याच्या मध्याची आणि तिसऱ्याच्या आरंभीची) तेवढ्याच काळात बसतात. म्हणून अनेक भट्ट्यांच्या तारखा एकत्र मांडून संख्याशास्त्राने पट्टा आखडावा लागतो. किंटोरमध्ये ते जमलं, कारण भट्ट्या भरपूर होत्या. एका चरात एक भट्टी सापडली तर हा मार्ग बंद.

इतरत्र तारखा वेगळ्या वस्तूंनी दिल्या. जर्मनीत हेर्मेस्कायलला दरवाजाच्या फरसबंदीच्या फटींत सैनिकांच्या चपलांचे खिळे अडकून राहिले होते. त्यांच्या डोक्यांच्या आतल्या बाजूला क्रॉस आणि ठिपके आहेत. ही ठेवण सीझरच्या गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागातल्या, मोहिमांच्या काळातली. स्वित्झर्लंडमध्ये कोल्म ला रुंगा इथे सुमारे 2,200 मीटर उंचीवरचा तळ 2023 मध्ये लायडारवर, म्हणजे विमानातून केलेल्या लेझर मोजणीत, दिसला. तिथे गोफणीच्या शिशाच्या गोळ्यांवर तिसऱ्या लीजनचा, म्हणजे रोमन फौजेच्या एका मोठ्या दलाचा, शिक्का आहे. त्याच वर्षी उपग्रहचित्रांतून जॉर्डन-सौदी वाळवंटात तीन तळ ओळीने दिसले आणि लगेच ते आजच्या जॉर्डनच्या भागातलं नबाती राज्य इ.स. 106 मध्ये रोमन साम्राज्यात विलीन झालं, त्या घटनेशी जोडले गेले. जमिनीवर काहीही उकरण्याआधी केवळ आकार आणि ओळ पाहून तारीख लावण्याची ही तीच जुनी सवय.

स्कॉटलंडमध्ये या सवयीचा सर्वांत मोठा भार डर्नोवर आहे. 1975 मध्ये हवेतून सापडलेला हा सुमारे 58 हेक्टरांचा, म्हणजे 143 एकरांचा तळ शेजारच्या कुठल्याच गटात बसत नाही. केवळ त्या मापामुळे आणि समोरच्या बेनाखी डोंगरामुळे मॉन्स ग्राउपियसची, म्हणजे पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमन फौजेने कॅलेडोनियन टोळ्यांशी दिलेली, लढाई इथे आणली गेली. डर्नोच्या आतली जमीन किंटोरसारखी सलग उघडलेली नाही. ती शेतीखाली आहे, आणि नांगर जितका खोल जातो तितका भट्ट्यांच्या तळाशी उरणारा कोळसा खरवडला जातो.