ब्रा खरंच जाळल्या होत्या का?

'अमेरिकेत 1960 च्या दशकात स्त्रीवादी बायकांनी भर रस्त्यात ब्रा जाळल्या', हा मेसेज अधूनमधून फिरत असतो. निदर्शन झालं होतं, हे खरं. 7 सप्टेंबर 1968, अटलांटिक सिटी, समुद्रकाठी लाकडी फळ्यांचा लांबलचक रस्ता, आणि जवळच्या सभागृहात 'मिस अमेरिका' सौंदर्यस्पर्धा. निदर्शन या स्पर्धेविरुद्धच होतं. बायकांनी रस्त्यावर एक कचऱ्याचं पिंप ठेवलं आणि त्यात ब्रा, पोट आवळणारे पट्टे, उंच टाचांचे बूट, खोट्या पापण्या, कर्लर, फरशी पुसायचा मॉपही टाकला. एका जिवंत मेंढीला मुकुट घातला, तो वेगळाच!

मग आग कुठून आली? तेव्हा व्हिएतनाम युद्धाविरोधात तरुण सैन्यभरतीची कार्डं जाळत होते. निदर्शनाच्या आधीच एका वृत्तपत्राने त्याच धर्तीवर 'आता ब्रा जळणार' असं छापलं. लाकडी रस्त्यावर आग नको म्हणून पेटवणं टाळलं, असं आयोजक सांगत आल्या. पिंपात थोडा वेळ काहीतरी पेटलं होतं, असं म्हणणारेही आहेत. पण होळी झाली नाही, हे नक्की.

पडताळायचं तर आधी बातमीची तारीख बघा, मग त्या दिवसाचे फोटो. प्रसिद्ध फोटोंत पिंप दिसतं, ज्वाळा नाहीत. निदर्शनाच्या आयोजकांचं दहा मुद्द्यांचं पत्रकही ऑनलाइन वाचता येतं. त्यात या वस्तू पिंपात 'टाकायच्या' आहेत. 1921 मध्ये स्पर्धा सुरू झाल्यापासून तोवर एकही कृष्णवर्णीय स्पर्धक अंतिम फेरीत पोहोचली नाही, हा आक्षेपही त्यातच आहे. फॉरवर्डमध्ये तो कधी दिसत नाही.