पार्श्वभूमी : बाळाची मालिश आणि तेलाचा वाद

अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांची काळजी कशी घ्यावी, याच्या नव्या जागतिक शिफारशी २०२२ साली आल्या. या बाळांच्या अंगाला तेल लावण्याचा विचार करायला हरकत नाही, अशी एक सशर्त शिफारस त्यांत आहे. ज्या घरात बाळंतीण आहे तिथे ती वाचून कुणी तेलाची वाटी कोमट करायला ठेवली असेल, असं नाही. वाटी आधीच चुलीजवळ होती. पण वैद्यकाला तिथवर पोचायला साडेतीन दशकं लागली आणि मधल्या काळात आई-आजीला मिळालेला सल्ला काही वेळा पार उलटा फिरला.

जुना भाग थोडक्यात. आयुर्वेदाच्या संहितांत अभ्यंग दिनचर्येत येतो, म्हणजे आजार नसतानाही करायची गोष्ट म्हणून. तेल मुरलेलं मडकं, तेल चोळलेलं चामडं आणि वंगण दिलेला गाडीचा आस टिकतो तसं शरीर टिकतं, असा दृष्टान्त तिथे आहे. कफ किंवा अजीर्ण असेल तर अभ्यंग टाळावा, हेही आहे. बाळाचं नाक चोंदलं की न्हाऊ घालणारी बाई "आज नुसतं पुसून घेऊ" म्हणते, ते याला धरूनच.

पुढची मोठी घडामोड बाहेर झाली. एका फ्रेंच प्रसूतितज्ज्ञाने कोलकात्यात एका आईला बाळ रगडताना पाहिलं आणि १९७६ साली त्यावर छायाचित्रांचं पुस्तक काढलं. त्याच दशकात भारतातल्या अनाथाश्रमात काम करून गेलेल्या एका अमेरिकन बाईंनी मायदेशी वर्ग सुरू केले. आज पुण्या-मुंबईत शुल्क भरून 'इन्फंट मसाज' शिकवतात, त्याचं मूळ हे. आपलीच चीज वेष्टणात बांधून परत आली.

खरं वजन आलं ते १९८६ च्या मायामीतल्या प्रयोगाने. अपुऱ्या दिवसांची ४० बाळं, त्यांतल्या निम्म्यांना दहा दिवस, रोज तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटं मालिश. दूध दोन्ही गटांना तेच. मालिश झालेल्यांचं वजन रोज ४७ टक्के जास्त वाढलं आणि ती सरासरी सहा दिवस आधी घरी गेली. या प्रयोगात तेल नव्हतंच. नुसता हात होता. हलकं गोंजारल्याने फारसं साधत नाही, थोडा दाब लागतो, हे पुढच्या अभ्यासांत दिसलं. दाबाने मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी एक नस जागी होते आणि जठराची हालचाल वाढते, असा त्यामागचा अंदाज. २००४ च्या एका एकत्रित आढाव्यात मात्र हा फायदा रोज साधारण पाच ग्रॅमच भरला आणि मूळ अभ्यासांच्या दर्जावर प्रश्न उभे राहिले. निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळांसाठी सरसकट शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असं २०१३ च्या आढाव्यात नोंदलं गेलं.

भारतात चर्चा हातावरून तेलाकडे वळली आणि तिथेच अडकली. २००० साली देशातल्या १२५ बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांची बाळं, चार आठवडे मालिश. वेगवेगळ्या तेलांत तिळाचं तेल पुढे राहिलं. २००५ साली मुंबईत खोबरेलाची तुलना खनिज तेलाशी, म्हणजे बाटलीतल्या सुगंधी 'बेबी ऑइल'च्या जातीच्या तेलाशी झाली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं वजन खोबरेलाने जास्त वाढलं. त्याच वर्षी पुण्यात दिसलं की करडईचं तेल चोळलं तर त्यातली अत्यावश्यक स्निग्धाम्लं बाळाच्या रक्तात चढतात, म्हणजे कातडी तेल पिते. आणि त्याच वर्षी ढाक्याहून निकाल आला : ३३ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांना सूर्यफुलाचं तेल लावल्याने रुग्णालयातला जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी घटला. कच्च्या कातडीतली फट तेलाने बुजते, हे कारण.

गोंधळ केला मोहरीच्या तेलाने. ते कातडीचं कवच दुखावतं, असं २००२ च्या उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं होतं. उत्तर भारतात घरोघरी मोहरीच असल्याने तिथे तो इशारा गरजेचाच होता. आपल्याकडे कोकणात खोबरेल आणि देशावर तीळ-करडई असताना तोच इशारा "बाळाला तेल नको" एवढा तोकडा होऊन पोचला, असं माझं मत आहे. त्या पोकळीत बाटली शिरली.

डॉक्टरांची खरी तक्रार वेगळी होती आणि ती रास्त होती. बाई पाटावर बसते, पाय लांब करते, बाळाला नडग्यांच्या खोबणीत पालथं घालते. पाठ, मांड्या, मग हात-पाय छातीवर तिरके दुमडणं, टाळू भरणं. इथवर ठीक. मग काही बाया नाक चिमटीत ओढतात, नाकात-कानात तेल सोडतात, नवजात बाळाची छाती पिळून 'दूध' काढतात. नाकातलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो, पिळलेल्या छातीत गळू होतं. दोन किलोच्या आतलं बाळ आंघोळीच्या पाण्यानंतर गारठतं; त्यावर धुरी दिली की कोंदट धूर. यातलं एकही तेल बदलून सुटत नाही.

हे सोडवायचं तर बाईपर्यंत जायला हवं होतं. पूर्वी हे काम बहुधा सुईणच करायची आणि सुईणींना सरकारी प्रशिक्षण मिळायचं. २००५ पासून सगळा भर दवाखान्यातल्या बाळंतपणावर गेला. त्याने जीव वाचले, यात शंका नाही. पण सुईणींचं प्रशिक्षण मागे पडलं, तिचं बाळंतपण करणं थांबलं आणि मालिश तेवढी उरली, कुणाच्याच देखरेखीशिवाय. २०११ मध्ये गडचिरोलीतल्या अनुभवावर बेतलेली घरगुती नवजात काळजीची योजना देशभर लागू झाली. आशाताई तिसऱ्या दिवसापासून ४२ व्या दिवसापर्यंत घरी येतात, वजन करतात, अंग गार आहे का पाहतात. बाईचा सव्वा महिनाही जवळपास याच दिवसांत बसतो. दोघी एकाच खोलीत, एकाच बाळाला हात लावतात. त्यांतल्या एकीलाच त्याचं प्रशिक्षण मिळतं आणि मालिश ती दुसरी करते.