ताटातलं बदलण्याआधी : सजगपणे जेवण्याविषयी, आमच्या ग्राहकांसाठी

आहाराचा सल्ला घ्यायला आमच्याकडे येणारे बहुतेकजण खुर्चीत बसता बसताच विचारतात, "काय खाऊ आणि काय बंद करू?" या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला मिळेल, पण दुसऱ्या भेटीत. पहिला आठवडा ताटातलं काहीच बदलायचं नाही. जे खाता तेच खायचं, फक्त जेवताना लक्ष जेवणाकडे ठेवायचं. असं का, हे सांगण्यासाठी हे पत्रक.

पहिल्या भेटीत आम्ही तुमच्या तळहातावर एक बेदाणा ठेवतो. तो लगेच खायचा नाही. आधी बघायचा: सुरकुत्या कशा आहेत, उजेडात धरल्यावर कडा कशा सोनेरी दिसतात, देठाची जागा बोटाला कशी टोचते. मग नाकाशी न्यायचा. बहुतेकांच्या तोंडाला इथेच पाणी सुटतं. त्यानंतर जिभेवर ठेवून थोडं थांबायचं, आणि मग एकदाच दात रोवायचे. आधी किंचित आंबट लागतो, मागून गोडी येते, शेवटी पातळ साल दाताशी राहते. एरवी मूठभर बेदाणे एका दमात तोंडात टाकणारी माणसं या एका दाण्यापाशी दोन-तीन मिनिटं रमतात. हा प्रयोग आमच्या डोक्यातून आलेला नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली ताण आणि जुनाट दुखणी असलेल्यांसाठी सजगतेचा अभ्यासक्रम सुरू केला. बेदाण्याचा हा प्रयोग त्यातलाच.

तोंडाला सुटलेलं ते पाणी म्हणजे पचनाची सुरुवात असते. घास पोटात पोहोचण्याच्या कितीतरी आधी, नुसत्या वासाने आणि दिसण्याने लाळ आणि जठररस पाझरू लागतात. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलोव्ह यांनी पचनावर जे काम केलं, त्याला १९०४ साली नोबेल मिळालं. ताटाकडे न बघता भराभर जेवणारा माणूस शरीराला ही पूर्वतयारी धडपणे करूच देत नाही.

आता पोट भरल्याचं कळतं कसं, ते बघू. जठर ताणलं गेलं की व्हेगस नावाचा मज्जातंतू मेंदूला खबर देतो. अन्न लहान आतड्यात उतरलं की तिथून कोलेसिस्टोकायनिनसारखी संप्रेरकं सुटतात आणि ती 'आता पुरे' असं सांगतात. भूक जागवणारं घ्रेलिन हळूहळू खाली येतं. या सगळ्याला वेळ लागतो, साधारण २० मिनिटं धरून चाला. सात मिनिटांत जेवण उरकणारा माणूस निरोप येण्याआधीच दुसऱ्यांदा वाढून घेतो. मग तडस लागते आणि तो स्वतःला हावरट म्हणतो. आमच्या मते हे म्हणणं चूक आहे. त्याच्या शरीराला बोलायला वेळच मिळालेला नसतो.

यात आठवणीचाही वाटा आहे, आणि आम्हाला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. स्मृती गमावलेल्या दोन रुग्णांवरचा एक अभ्यास मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केला. जेवण झाल्यावर थोड्याच वेळात पुन्हा ताट समोर आलं, की हे रुग्ण पुन्हा जेवत. आधीचं जेवण त्यांना आठवतच नव्हतं. म्हणजे आपण जेवलो हे आठवणं हासुद्धा पोट भरण्याचाच एक भाग आहे. मोबाइल बघत जेवलं की ही आठवण पुसट राहते. त्या वेळी जास्त खाल्लं जातंच, शिवाय नंतरच्या खाण्यातही भर पडते. म्हणून आमची एकच ठाम विनंती आहे: जेवताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. शेजारी पालथा ठेवून भागत नाही.

घास बत्तीस वेळा चावायचा का, असं बरेचजण विचारतात. मोजत बसलात तर लक्ष आकड्यांकडे जाईल. घास गिळून होईपर्यंत पुढचा हातात घ्यायचा नाही, एवढं पाळलंत तरी वेग आपोआप उतरतो.

मग काय खातो याला महत्त्व नाही का? आहे, आणि दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत संशोधक केव्हिन हॉल यांनी २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं (कारखान्यात तयार झालेलं, पाकीटबंद) अन्न आणि दोन आठवडे साधं, कमी प्रक्रियेचं अन्न दिलं. समोर ठेवलेल्या अन्नात उष्मांक, साखर, मीठ, तंतू सारखेच होते, आणि हवं तेवढं खायची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेलं अन्न असताना माणसं रोज सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खात होती, आणि त्यांचा खाण्याचा वेगही जास्त होता. मऊ, फारसं चावावं न लागणारं अन्न घाईला साथ देतं. दुसऱ्या भेटीतलं बरंचसं बोलणं यावरच असेल.

कधी कधी भूक पोटात नसतेच. कंटाळा, राग, एकटेपणा यांनीही हात डब्याकडे जातो. पोटातली भूक हळूहळू वाढते आणि मिळेल ते खायला तयार असते. मनातली भूक अचानक येते आणि तिला नेमका एकच पदार्थ हवा असतो. फरक ओळखून झाल्यावरही खावंसं वाटलं तर खा, पण बसून खा. त्याबद्दल आमच्याकडे कुणी रागावणार नाही. झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी भूक खवळते, तेव्हा रात्रीचे निदान सात तास सांभाळा. आणि आठवड्याला १५० मिनिटं, दम थोडा वाढेल असं चालणं, हे जागतिक आरोग्य संघटनेनं प्रौढांसाठी सांगितलेलं किमान माप आहे.

एक खबरदारी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर 'भूक नाही' म्हणून जेवण टाळू किंवा पुढे ढकलू नका. आधी डॉक्टरांशी बोला. कारण कळत नसताना वजन उतरत असेल, किंवा खाण्याच्या विचाराने भीती, अपराधीपणा, उलटी काढण्याची इच्छा होत असेल, तर हा आठवडा सुरू न करता आम्हाला लगेच कळवा. अशा वेळी खाण्यावर जास्त लक्ष देणं त्रासाचं ठरू शकतं. योग्य डॉक्टरांकडे जायला आम्ही मदत करू.

पुढच्या भेटीला एक छोटी वही आणा. जेवायला बसताना भूक किती होती आणि उठताना किती उरली, हे ० ते १० मध्ये लिहा, एवढंच. पदार्थांची नावं किंवा कॅलरी नकोत. लिहायचं राहून गेलं तर मागाहून आठवून भरू नका, तो दिवस कोरा सोडा. त्या दिवशी काय चाललं होतं, हेही आम्हाला तुमच्याकडून ऐकायचं असतं.