खानदेशातील पऱ्हाटी, गाळ आणि धूर : कणरूप सेंद्रिय द्रव्याच्या मोजमापाची पार्श्वभूमी

कणरूप सेंद्रिय द्रव्य म्हणजे नेमके काय, हे शेवटी चाळणी ठरवते. मातीच्या अभ्यासात २ मिलिमीटरच्या चाळणीतून गळणारे, पण ५३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीवर अडकणारे सेंद्रिय तुकडे या नावाने ओळखले जातात. पाण्याच्या अभ्यासात साधारण अर्ध्या-पाऊण मायक्रॉनच्या गाळणकागदावर जे राहते ते कणरूप आणि जे खाली उतरते ते विरघळलेले मानतात. हवेत तर कणाचा व्यास आधी मोजला जातो आणि त्यात सेंद्रिय भाग किती, हा प्रश्न नंतर येतो. उन्हाळ्यात चोपडा किंवा अमळनेर तालुक्यात बांधावर पेटवलेल्या पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचा, धूर, त्याच शेतातून पहिल्या पुरात वाहून गेलेला अर्धवट कुजलेला चुरा आणि ढेकळात अडकून राहिलेली मुळे ही एकाच पिकाची तीन रूपे आहेत. मात्र ती तीन वेगळ्या शास्त्रांच्या, आणि आपल्याकडे तीन वेगळ्या खात्यांच्या, वाट्याला गेली.

मातीच्या बाजूने हा इतिहास सर्वांत जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात वनस्पती ह्यूमसवरच, म्हणजे मातीतील कुजलेल्या सेंद्रिय द्रव्यावरच, पोसतात असे मानले जाई. १८४० मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगने खनिज अन्नद्रव्यांचा सिद्धांत मांडला आणि ह्यूमसकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. लीबिगचे म्हणणे वनस्पतीच्या अन्नापुरते बरेचसे खरे होते, पण जमिनीची घडण, ओलावा आणि जिवाणूंचे खाद्य या गोष्टी त्यानंतर बराच काळ मागे पडल्या.

याच काळात खानदेशात कापूस पसरत होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) मागणी वाढली, रेल्वेने तापीचे खोरे मुंबईला जोडले आणि कपाशीखालचे क्षेत्र वाढत गेले. कपाशीचा एक दोष शेतकऱ्याला चांगला ठाऊक असतो : ज्वारीचा कडबा गुरे खातात, पऱ्हाटी खात नाहीत. ती चुलीत जाते, कुंपणाला लागते किंवा बांधावर जळते. सरपण अपुरे पडले की शेणाच्याही गोवऱ्या होतात. १८९३ मध्ये ब्रिटिश कृषी-रसायनतज्ज्ञ व्होल्करने भारतीय शेतीवरील आपल्या अहवालात शेण जाळण्याची चिकित्सा केली, तेव्हा शेतकऱ्याच्या अज्ञानावर बोट न ठेवता सरपणाच्या टंचाईवर ठेवले, हे आवर्जून नोंदवण्यासारखे आहे.

पऱ्हाटीवर खरा विचार झाला तो सातपुड्यापलीकडे, इंदूरला. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात तेथील संस्थेत, म्हणजे कापसाच्याच पैशावर उभ्या राहिलेल्या प्रक्षेत्रावर, काडीकचऱ्याचे खत करण्याची पद्धत बसवली. १९३१ च्या त्यांच्या ग्रंथाचे सहलेखक यशवंत वाड होते. टणक पऱ्हाटी सहजी कुजत नाही, म्हणून ती प्रक्षेत्रावरील रस्त्यांवर अंथरायची, बैलगाड्यांच्या चाकांखाली तिचा चेंदा होऊ द्यायचा, मग गुरांच्या पायाखाली घालून शेण-मूत्रासह खड्ड्यात भरायची. साधारण तीन महिन्यांत खत तयार होई. आज रोटाव्हेटर आणि श्रेडर जे काम करतात ते तेव्हा गाडीचे चाक करत होते.

मोजमाप मात्र दुसऱ्याच वाटेने गेले. १९३४ ची वॉकली-ब्लॅक पद्धत क्रोमिक आम्लाने सेंद्रिय कर्ब (सेंद्रिय द्रव्यातील कार्बन) मोजते आणि आपल्या माती परीक्षण प्रयोगशाळांत ती रुळली. ताजा चुरा आणि चिकणमातीला घट्ट चिकटलेला जुना ह्यूमस यांना ती एकाच आकड्यात बसवते. खानदेशच्या काळ्या जमिनीत हा भेद विशेष महत्त्वाचा आहे, कारण काळा रंग पाहून सेंद्रिय द्रव्य भरपूर असेल असे वाटते, ते सहसा खरे नसते. थोडासा ह्यूमसही चिकणमातीशी बांधला गेला की तिला गडद रंग देतो. १९९२ मध्ये मृदाशास्त्रज्ञ कँबार्डेला आणि एलियट यांनी अमेरिकेतील नेब्रास्काच्या जमिनीवर ५३ मायक्रॉनची चाळणी वापरली. न नांगरलेल्या गवताळ जमिनीत एकूण सेंद्रिय कर्बाचा जवळपास दोन पंचमांश भाग या चुऱ्यात होता, तर वर्षानुवर्षे नांगरून उघड्या ठेवलेल्या जमिनीत तो वाटा त्याच्या निम्म्याहूनही कमी उरला होता. मशागतीचा पहिला घाव कशावर बसतो, ते एकूण कर्बाच्या आकड्यापेक्षा हा चुरा लवकर दाखवतो.

ही चाळणी हाताळायला सोपी आहे. माती सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटच्या (मातीचे कण सुटे करणाऱ्या क्षाराच्या) द्रावणात रात्रभर हलवतात, ढेकळे पूर्ण विरघळली की पाण्याच्या धारेखाली चाळणीवर धुतात. काळे पाणी निघून जाते आणि जाळीवर वाळूबरोबर केसासारखी मुळे, पानाच्या शिरा, तपकिरी सालीचे कपटे उरतात.

हवेतील कणांचा प्रश्न सुरू झाला तो हवेत जंतू असतात का या वादातून. १८७० मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये भौतिकशास्त्रज्ञ टिंडॉल यांनी प्रकाशझोतात तरंगणारी धूळ दाखवली. तीच हवा तापलेल्या प्लॅटिनमवरून नेल्यावर धूळ दिसेनाशी झाली, म्हणजे तिचा बराच भाग जळणारा, सेंद्रिय होता. पुढची मानके मात्र आकारावर ठरली. भारताच्या २००९ च्या मानकांत २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. त्यातले किती पऱ्हाटीच्या धुराचे आणि किती रस्त्याच्या धुळीचे, हे त्या एका आकड्यातून कळत नाही.

पाण्याची गोष्ट खानदेशात जुनी आहे, फक्त तिला शास्त्रीय नाव नव्हते. पांझरा नदीवरच्या फड या सामुदायिक सिंचन पद्धतीत बंधाऱ्याचे गढूळ पाणी पाटाने फडात (शेतांच्या गटात) येई, पाटकरी पाळी देई आणि पाण्याबरोबर आलेला गाळ शेतातच बसे. मोठ्या धरणांनी हा गाळ वरच अडवला. पूर्णा आणि तापीचा चांगदेवला संगम होतो आणि खाली हतनूरच्या जलाशयात विदर्भातल्या शेतांचीही माती येऊन बसते. राज्याच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून २०१७ पासून असा गाळ पुन्हा शेतात जाऊ लागला, परंतु त्याचा हिशेब घनमीटरमध्ये होतो. ट्रॉलीतून ओतलेल्या गाळात निव्वळ चिकणमाती किती आणि पालापाचोळ्याचा चुरा किती, हे शेतकरी अजून ढेकूळ हातात फोडून, वास घेऊनच ठरवतो.