वेबकॅमने नजरेचा माग : एका पद्धतीची पार्श्वभूमी

पडद्यावर पाहताना माणसाची नजर कोठे जाते, कोठे थांबते आणि काय ओलांडून पुढे सरकते हे साध्या वेबकॅमने टिपण्याची पद्धत रुळून जेमतेम दहा वर्षे झाली असली, तरी तिच्या मुळाशी असलेली अडचण जवळजवळ दीडशे वर्षांची आहे. नजर अचूक मोजायची तर पाहणाऱ्याला जखडून ठेवावे लागते आणि त्याला मोकळे सोडले की मोजमाप ढिले पडते. १८७९ च्या सुमारास पॅरिसमध्ये नेत्रवैद्य एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेत असे लक्षात आले की वाचताना डोळा ओळीवरून सलग सरकत नाही, तर झेपा घेत आणि मध्ये थबकत पुढे जातो. त्या काळी या झेपा मोजण्यासाठी पापणीशी टेकवलेल्या नळीला कान लावून डोळ्याच्या स्नायूंचा बारीक आवाज ऐकला जाई.

अमेरिकेतील एडमंड ह्युई यांनी १८९८ मध्ये याहून धाडसी मार्ग घेतला. डोळा औषधाने बधिर करून त्यांनी बुबुळावर प्लास्टरचा चिमुकला कप बसवला, पाहता यावे म्हणून त्याला मधोमध भोक ठेवले आणि त्याला जोडलेला हलका दर्शक काजळी धरलेल्या कागदावर डोळ्याची हालचाल रेखत राहिला. असे वाचन कितपत स्वाभाविक असेल, ही शंका रास्तच आहे. १९०१ मध्ये रेमंड डॉज आणि टी. एस. क्लाइन यांनी डोळ्याला स्पर्शही न करता बुबुळावरून परावर्तित होणारा प्रकाश सरकत्या छायाचित्र-काचेवर टिपला. डोळ्यावरचे ओझे उतरले, पण डोके मात्र घट्ट धरून ठेवावेच लागे आणि नोंद फक्त आडव्या हालचालींचीच होई.

वाचनाबाहेरच्या कामांत नजरेचा अभ्यास शिरला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपकरणांच्या आधारे विमान उतरवणाऱ्या वैमानिकांची नजर चलच्चित्र-कॅमेऱ्याने टिपली आणि त्या नोंदींवरून एक आडाखा मांडला : एखाद्या उपकरणाकडे नजर किती वेळा जाते यावरून त्याचे महत्त्व कळते आणि तेथे ती किती वेळ थांबते यावरून ते वाचायला किती अवघड आहे हे कळते. आज संकेतस्थळांचे रंगीत हीटमॅप (नजर कोठे जास्त थांबली हे रंगांनी दाखवणारे नकाशे) वाचणारे बहुतेक जण नकळत याच आडाख्यावर विसंबतात. जेथे पुष्कळ वेळ नजर थांबली ते आवडले, असा अर्थ त्यातून सर्रास काढला जातो. प्रत्यक्षात ते समजले नसण्याचीही तितकीच शक्यता असते.

या घाईला उत्तर ठरेल असा प्रयोग सोव्हिएत संशोधक आल्फ्रेड यार्बुस यांनी केला होता. त्यांचा ग्रंथ १९६५ मध्ये रशियनमध्ये आणि १९६७ मध्ये इंग्रजीत आला. इल्या रेपिन यांचे, घरी अचानक परतलेल्या माणसाचे प्रसिद्ध चित्र त्यांनी एकाच व्यक्तीला वेगवेगळ्या सूचना देऊन पुन्हा पुन्हा दाखवले. माणसांची वये सांगा म्हटले की नजर चेहऱ्यांवर खिळे, कपडे लक्षात ठेवा म्हटले की ती वेगळ्याच वाटेने फिरे. चित्र तेच, पाहणाराही तोच. बदलला होता तो हेतू. त्याही आधी जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी दाखवून दिले होते की डोळा एका बिंदूवर स्थिर ठेवूनही लक्ष दुसरीकडे नेता येते. म्हणून नजर हा लक्षाचा पुरावा असला, तरी नजर म्हणजे लक्ष नव्हे.

पुढे अवरक्त प्रकाशाचे स्रोत आणि विशेष कॅमेरे आले, डोळ्याची बाहुली व बुबुळावरचा चमकता ठिपका यांच्या परस्पर अंतरावरून नजरेची दिशा काढता येऊ लागली आणि चांगल्या उपकरणांची चूक सुमारे अर्ध्या अंशापर्यंत खाली आली. ही उपकरणे महाग असल्यामुळे अभ्यास प्रयोगशाळेतच अडकून राहिला. संकेतस्थळे लोक एफ अक्षराच्या आकृतीत चाळतात, हा संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांचा २००६ चा गाजलेला निष्कर्षही अशाच रीतीने पाहिलेल्या २३२ जणांवर आधारलेला होता.

साध्या कॅमेऱ्याने हे जमेल का, याचा शोध मात्र बराच आधी सुरू झाला होता. कार्नेगी मेलन विद्यापीठात शुमीत बलुजा आणि डीन पॉमर्लो यांनी १९९४ मध्येच डोळ्याच्या लहानशा, धूसर चित्रावरून नजर ओळखणारे न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारी संगणकप्रणाली) शिकवले होते. खरी वाट मोकळी झाली ती २०१२ नंतर, ब्राउझरला परवानगी घेऊन थेट कॅमेरा वापरता येऊ लागला तेव्हा. ब्राउन विद्यापीठातून २०१६ मध्ये आलेल्या वेबगेझर या ब्राउझरमध्येच चालणाऱ्या प्रणालीची युक्ती साधी आहे. माणूस जेथे क्लिक करतो तेथे त्या क्षणी तो बहुधा पाहतही असतो, असे धरून प्रत्येक क्लिक कॅलिब्रेशनचा, म्हणजे डोळ्याची स्थिती आणि पडद्यावरची जागा यांची सांगड घालण्याचा, नमुना म्हणून वापरायचा. दोन्ही डोळ्यांची प्रतिमा प्रत्येकी ६ बाय १० बिंदूंपर्यंत लहान करून त्या १२० आकड्यांवरून पडद्यावरील जागेचा अंदाज बांधला जातो. ही आकडेमोड वापरणाऱ्याच्याच संगणकावर होत असल्याने चेहऱ्याचे चित्रण बाहेर पाठवण्याची गरज राहत नाही.

याची किंमत अचूकतेत मोजावी लागते. २०१८ मधील एका अभ्यासात वेबकॅमची सरासरी चूक प्रयोगशाळेतच सुमारे चार अंश आढळली आणि घरी बसलेल्या सहभागींमध्ये ती थोडी अधिक होती. पडदा ६० सेंटिमीटरवर असेल तर चार अंशांची चूक चार सेंटिमीटरांहून थोडी अधिक भरते. अर्ध्या अंशाची चूक तेवढ्याच अंतरावर जेमतेम अर्धा सेंटिमीटर असते. चित्राच्या डाव्या भागाकडे पाहिले की उजव्या, एवढे वेबकॅम सांगू शकतो, पण ओळीतला कोणता शब्द वाचला हे विचारण्यात अर्थ नाही. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे प्रयोगशाळा बंद पडल्यावर ही पद्धत झपाट्याने पसरली, तेव्हा सहभागींना सूचना दिल्या जात : उजेड समोरून असावा, चेहरा चौकटीत ठेवावा आणि शक्यतो डोके हलवू नये. डॉज यांनी डोके धरून ठेवण्यासाठी केलेली सोय अशा रीतीने पडद्यावरच्या एका विनंतीच्या रूपात परत आली.