समरी आणि पॅराफ्रेज: दोन्ही आपल्याच शब्दांत, मग फरक कुठे?

भाची यंदा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. घरात मराठी, दांडिया बाजारात उतरलं की गुजराती आणि वर्गात इंग्रजी, हा बडोद्यातल्या आपल्या मुलांचा रोजचा क्रम. परवा तिची असाइनमेंट परत आली, त्यावर शेरा होता: समरी मागितली होती, हा पॅराफ्रेज आहे. "मावशी, दोन्हीत आपल्याच शब्दांत लिहायचं असतं ना?" तिचा प्रश्न रास्त होता. शाळेत समरी, म्हणजे सारांशलेखन होतं, पण पॅराफ्रेज, म्हणजे शब्दांतर, असं कुणी वेगळं काढून शिकवलेलं नसतं.

खरं तर दोन्ही प्रकार आपल्या घरात आहेत. एकश्लोकी रामायण आठवा. वनवास, सीताहरण, वालीवध, लंकादहन, रावणवध, सगळं एका श्लोकात. तो सारांश. आणि आजीच्या देवघरातली सार्थ पोथी उघडा. प्रत्येक ओवीखाली तिचा अर्थ सोप्या गद्यात दिलेला असतो, एकही ओवी न गाळता. ते शब्दांतर. (ज्ञानेश्वरी स्वतः मात्र यांपैकी काहीच नाही. गीतेच्या ७०० श्लोकांवर सुमारे ९ हजार ओव्या, म्हणजे ते भाष्य. त्यात ज्ञानदेवांचं स्वतःचं म्हणणं आहे.)

आता हा उतारा घ्या, मीच तिच्यासाठी लिहिलेला:

"बडोदे संस्थानात १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये ते सर्व संस्थानाला लागू झाले. मात्र वाचायला शिकलेल्या माणसाच्या हाती पुस्तकच आले नाही, तर तो शिकलेले विसरतो, ही अडचण उरली. म्हणून १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणायला सुरुवात झाली."

याचा सारांश: सक्तीच्या शिक्षणातून आलेली साक्षरता टिकावी म्हणून बडोदे संस्थानाने १९१० पासून ग्रंथालये उभारली.

अमरेली गेलं, बॉर्डनसाहेब गेले, १८९३ आणि १९०६ ही सालं गेली. "म्हणून" मात्र राहिलं, कारण उताऱ्याचा कणा तोच आहे. काय गाळायचं हे ठरवणं, यातच सारांश लिहिणाऱ्याची परीक्षा असते.

आता फक्त मधल्या वाक्याचं शब्दांतर: अक्षरओळख झाली, तरी पुढे वाचायला काही मिळालं नाही तर ती पुसली जाते, शाळा काढूनही हा प्रश्न शिल्लकच होता.

इथे लांबी जवळपास तेवढीच आहे. काहीही गाळलेलं नाही, पदरचं घातलेलं नाही, फक्त वाक्याची घडण नवी आहे. मूळ वाक्याची जी अट होती ("नाही, तर"), तीही जागेवर आहे. पहिल्या वर्षाची मुलं नेमकी इथे चुकतात. "जर", "बहुधा", "काही ठिकाणी" असे छोटे शब्द निसटतात आणि लेखकाने जपून केलेलं विधान छातीठोक होऊन बसतं.

दुसरी चूक जास्त घातक. "परंतु वाचन शिकलेल्या मनुष्याच्या हातात ग्रंथच आला नाही, तर तो शिकलेले विसरून जातो, ही समस्या राहिली." हे शब्दांतर नव्हे. सांगाडा तोच, वरचे कपडे बदललेले. खाली स्रोत दिला तरी ही उसनी वाक्यरचनाच राहते. मुलं हे लबाडीने करत नाहीत. मूळ वाक्य डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं की हात आपोआप त्याच वाटेने जातो. म्हणून मी भाचीला पुस्तक मिटायला लावते, उतारा मराठीत तोंडी सांगायला लावते आणि मगच इंग्रजीत लिहायला. सांगताना अडली, तर तिथे समजलेलं नाही हे तिलाच कळतं. घरची भाषा या कामाला फार उपयोगी पडते. तिला अभ्यासाच्या खोलीबाहेर ठेवू नका.

प्रत्येक शब्द बदलायचा, असंही नाही. अर्थशास्त्रातली "मागणी" म्हणजे नुसती इच्छा नव्हे, तिच्यामागे पैसे मोजायची ऐपत आणि तयारी लागते. तिथे "इच्छा" लिहिलं की विधानच चुकलं. एका शब्दाचं वजन काय असतं ते संयुक्त राष्ट्रांत भारताच्या प्रतिनिधी असलेल्या हंसा मेहतांनी दाखवलं. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात पहिल्याच कलमात "सर्व पुरुष" असा अर्थ निघू शकणारे शब्द होते. त्यांच्या आग्रहामुळे तिथे "सर्व मानव" आलं. त्याच पुढे १९४९ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या आणि आज विद्यापीठाचं ग्रंथालय त्यांच्याच नावाचं आहे.

कुठे काय वापरायचं? अख्ख्या प्रकरणाचं म्हणणं दोन ओळींत मांडायचं, तर सारांश. एकाच मुद्द्यावर वाद घालायचा किंवा अवघड व्याख्या उलगडायची, तर शब्दांतर. माझं मत विचाराल तर सराव शब्दांतराने सुरू करावा. जे नीट समजलेलंच नाही, त्यातलं गाळायचं काय हे कसं ठरवणार?

स्रोत दोन्हीकडे द्यायचाच. शब्द आपले असले तरी विचार दुसऱ्याचा असतो. भाची आता टिपणं काढताना समासात आधी पान क्रमांक लिहिते आणि त्यापुढे "सा" किंवा "श". लेखकाचे शब्द जसेच्या तसे उतरवले असतील, तर त्याच क्षणी अवतरणचिन्हं घालते.